विमलबाईंनी न सोडलेला धडा

विमलबाई वर्गात आल्या की आधी खिडक्या उघडायच्या आणि मग आमची तोंडं. "बोला की! गुळणी धरलीय का सगळ्यांनी?" हे त्यांचं पहिलं वाक्य, रोजचं. बुटक्या, सावळ्या, जाड भिंगांचा चष्मा, पदर कमरेला खोचलेला. आवाज मात्र असा, की शेजारच्या वर्गातले सर फळ्यावर लिहिता लिहिता थांबायचे. त्यांचे वडील सुरतजवळ उधन्याला रेल्वेत होते आणि बाईंचं लहानपण तिथल्याच क्वार्टर्समध्ये गेलं होतं. "मी यार्डात वाढलेली बाई," त्या म्हणायच्या, "इंजिन शंटिंग करत असताना आईला हाक मारायची तर असाच आवाज लागतो."

मी आठवीत होते तेव्हाची, नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. सुरतेच्या नवागाममधली आमची मराठी शाळा पत्र्याची. बहुतेकांचे वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, बारा बारा तासांच्या पाळ्या करणारे. आया घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायच्या, टिकल्या चिकटवायच्या. आम्ही मूळचे खानदेशातले, म्हणून घरात अहिराणी बोलायचो, गल्लीत हिंदी, दुकानावर गुजराती, आणि पुस्तकातली मराठी फक्त शाळेत. विमलबाई या सगळ्या भाषांमध्ये आम्हाला रागवू शकायच्या आणि तसं रागवायच्याही.

त्या आम्हाला विज्ञान शिकवायला आल्या त्या वर्षी शरीराच्या वाढीचा धडा जवळ आला, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा आपणहून म्हणाला, "बाई, हा धडा घरी वाचायचा असतो. मागच्या वर्षीच्या मुलांना सरांनी तसंच सांगितलं होतं."

"घरी?" बाईंनी खडू खाली ठेवला. "कुणाच्या घरी? ज्याच्या घरी हे कुणी समजावून सांगेल त्याने हात वर करा."

एकही हात वर गेला नाही.

"ते बघा. बंगल्यांच्या अठवा लाइन्सकडच्या इंग्रजी शाळेत डॉक्टरीणबाई येतात, पडद्यावर चित्रं दाखवतात. त्या पोरींना स्वतःची खोली असते, कपाटात पुस्तक असतं, आई शिकलेली असते. तुमच्या आईला तिच्या आईने काही सांगितलं नाही, मग ती तुम्हाला काय सांगणार? हा धडा त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त लागतो. मी तो सोडणार नाही. पुस्तकं उघडा."

तो तास मी जन्मात विसरणार नाही. बाईंनी पाळी हा शब्द फळ्यावर लिहिला, मोठ्या अक्षरांत, आणि मुलामुलींकडून मोठ्याने म्हणवून घेतला. मुलांमध्ये खसखस पिकली. बाई थांबल्या. "हसून घ्या. झालं हसून? आता सांगा, तुमचे आवाज फाटलेत ते का? रात्रीत ओठावर काळं कसं आलं?" मग त्याच पुढे म्हणाल्या, "रेल्वेच्या भिंतीवर चुन्याने नावं रंगवलेले वैद्य तुमचे गुरू झालेत. ते तुम्हाला आधी घाबरवतात आणि मग पुड्या विकतात. वाढणं हा आजार नाही. काही विचारायचं असेल तर मला नाहीतर व्यायामाच्या सरांना विचारा, भिंतीला विचारू नका." मग मुलं इतकी ऐकू लागली, की घंटा झाली तरी कुणी उठेना.

त्या तासाला माझ्या बाकावरची शेजारची जागा रिकामी होती. सुरेखा आठवडाभर शाळेत आलीच नव्हती. ती आमच्याच चाळीत राहायची, पण मी गेले की तिची आई, कमलमावशी, दारातूनच सांगायची, "तिले बरं नही." बाईंनी मला गाठलं. "चल, मला तिचं घर दाखव."

सुरेखा खोलीच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसली होती. खोली एवढीशी, त्यात साड्यांचे गठ्ठे. तिचे डोळे सुजलेले होते. बाई सरळ तिच्या शेजारी गोणपाटावरच बसल्या. कमलमावशी घाईने म्हणाली, "बाई, तठे नका बठा." बाई हसल्या. "मावशी, मला काही होत नाही." मग त्यांनी सुरेखाला हळूच विचारलं, "काय झालंय असं वाटतं तुला?"

सुरेखा हुंदके देत म्हणाली, "बाई, मला मोठा आजार झालाय. मी मरणार आहे." बाजूच्या गल्लीतली एक म्हातारी पोटातल्या गाठीने गेली होती, तिलाही असंच रक्त जायचं म्हणे. आठवडाभर पोरगी मरणाची वाट बघत बसली होती आणि आईला वाटत होतं, पोर लाजतेय.

बाईंनी तिला तिथेच सगळं सांगितलं. फळ्यावरची चित्रं त्यांनी फरशीवर बोटाने काढली. सुरेखाचा चेहरा बघता बघता बदलत गेला. "म्हणजे हे सगळ्यांना येतं?" "सगळ्यांना. मला आली, तुझ्या आईला आली. ही तुझी मैत्रीण अजून वाट बघतेय," बाईंनी माझ्याकडे बोट केलं आणि मी लाजेने लाल झाले. सुरेखा हसली. रडता रडता हसली.

तेवढ्यात तिचे वडील लूमवरची पाळी संपवून आले. रघुनाथकाका तसे सरळ माणूस, पण कानावर कायम लूमचा खडखडाट घेऊन फिरणारे, म्हणून ओरडूनच बोलायचे. बाईंना बघून ते दारातच थबकले. "बाई, आते शाळा बस झायी. पोर मोठी व्हयनी. पारोळाकडनं स्थळ येल शे."

"ती चौदाची आहे, काका."

"मना घरमा काय करानं ते मी पाहसू. आनि वर्गमा पोरेस्ना समोर तुम्ही घान शिकाडतस, ते माले समजनं."

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले, तेही चार माणसं बरोबर घेऊन. मुख्याध्यापक भले, पण भित्रे गृहस्थ. त्यांनी बाईंना खोलीत बोलावलं आणि आम्ही मुली खिडकीखाली कान लावून उभ्या राहिलो. मुख्याध्यापक म्हणत होते, "बाई, पालकांची संमती नाही तोवर हे बंद ठेवा. संस्थेकडे तक्रार गेली तर तुमची नोकरी मला वाचवता यायची नाही."

"सर, पालक म्हणजे फक्त वडील का?" बाईंचा आवाज खिडकीतून खणखणीत बाहेर आला. "मी आयांना बोलावते. त्या नको म्हणाल्या तर मी हा विषय तोंडातून काढणार नाही."

आमच्या अंगावर काटा आला! कारण आमच्या आया कधी शाळेत आल्याच नव्हत्या. सही करायला वडील, निकाल घ्यायला वडील. बाईंनी आम्हा मुलींना कामाला लावलं. "घरोघर जा. लूमच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी या म्हणावं. धागे कापायचं काम घेऊनच या, हात चालू राहू द्या, कान मला द्या." आम्ही गल्ल्यांमधून अक्षरशः धावत सुटलो. कुणाची आई म्हणाली येते, कुणाची म्हणाली सासूला विचारते, एकीच्या सासूने तर सांगितलं, "मीच येस."

आणि त्या आल्या. डोक्यावर पदर, काखेत साड्यांचे गठ्ठे, कडेवर पोरं. वर्ग भरला, मग व्हरांडा भरला. माझी आईसुद्धा आली. मुलींना बसायची परवानगी होती.

बाईंनी भाषण केलं नाही. त्यांनी टेबलावर दोन ताटल्या ठेवल्या, एकीत आपल्या सुरती सिंथेटिक साडीचा तुकडा, दुसरीत जुन्या सुती धोतराचा. दोन्हींवर तांब्यातलं पाणी ओतलं. साडीच्या तुकड्यावरून पाणी ओघळून ताटलीत जमलं. धोतराने ते पिऊन टाकलं. बाई म्हणाल्या, "आता सांगा, तुमच्या पोरी यातलं कुठलं वापरतात?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. घरात दुसरं होतंच काय? सगळ्या शहरात कापडच कापड, आणि आमच्या घरात सुताची चिंधी नाही. जे मिळायचं ते साड्यांचं कटपीस. ते टिपत नाही, मांड्या सोलवटतात, आणि कुणाला दिसू नये म्हणून ओलंच पत्र्यामागे कोंबलेलं असतं.

"त्याने खाज येते, जखमा होतात. मग पोरी शाळेला येत नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि शाळेला आली नाही, की तुम्ही म्हणता मोठी झाली, उरकून टाका. बंगल्यातली पोरगी मोठी झाली की तिला नवं पुस्तक मिळतं. आपली मोठी झाली की तिला नवरा मिळतो. दोघींचं शरीर तर एकच आहे ना?"

धागे कापणाऱ्या कात्र्या थांबल्या. मग मागून कमलमावशी उभी राहिली. जिने शेजाऱ्यांशी कधी उंच आवाजात भांडण केलं नाही, ती.

"मी पंधरानी व्हती तवय मनं लगीन झायं," ती म्हणाली. "कोनीच माले काही सांगं नही. पहिलं लेकरू गयं. दुसरं बी गयं. दवाखानामा बाई बोलनी, अंग भरेल नव्हतं. माले वाटे, मनंच काही पाप शे." तिचा आवाज फाटला, पण ती बसली नाही. "मी मनी सुरेखाले तसं व्हऊ देवाव नही. ती शाळामा येई. बाई, तुम्ही शिकाडा."

मग काय विचारता! एक उठली, दुसरी उठली. कुणी रडत होतं, कुणी हसत होतं. सासू म्हणून आलेल्या त्या म्हातारीने तर काठी आपटून सांगितलं, की आमच्या वेळी असली बाई असती तर माझ्या तीन पोरी जगल्या असत्या. माझ्या आईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सभा संपेपर्यंत काढला नाही.

व्हरांड्याच्या टोकाला रघुनाथकाका उभे होते. बायकोला घरी न्यायला ते रागारागात आले होते आणि तिचं बोलणं सुरू झाल्यावर तिथेच थांबले होते. ती दोन लेकरं त्यांचीही होती. सभा सुटल्यावर त्यांनी कमलमावशीच्या हातातला साड्यांचा गठ्ठा घेतला आणि दोघं घरी गेली. पारोळ्याच्या पाहुण्यांना त्यांनी काय सांगितलं, ते मला पुढे सुरेखाकडून कळलं. "पोर दहावी शिकी, मंग पाहू," एवढंच.

सुरेखा शाळेत परत आली, पण बाईंची घाई थांबेना. शाळेतला मुलींचा संडास कुलूपबंद होता, आत मोडकी बाकं कोंबलेली. मुख्याध्यापकांकडून किल्ली घेऊन बाई आल्या आणि पदर आणखी घट्ट खोचून म्हणाल्या, "चालो, ओढा!" आम्ही बाकं ओढली. धूळ, जाळी, एक भला थोरला उंदीर, आमच्या किंकाळ्या आणि बाईंचं हसणं. रघुनाथकाकांच्याच खात्यातून, म्हणजे लूमच्या कारखान्यातून, रंगाचं रिकामं पिंप आलं, ते आम्ही घासून घासून धुतलं आणि पाण्याने भरून दाराशी ठेवलं. इतक्या साध्या गोष्टीचा एवढा आनंद होऊ शकतो, याचं मला आजही नवल वाटतं. त्या दिवशी आम्ही गरज नसतानाही रांगेत उभ्या होतो.

सगळ्याजणी वाचल्या असं नाही. आमच्या वर्गातल्या दोघींची लग्नं नववीच्या सुट्टीत गावी नेऊन झालीच. बाई तेव्हा फार चिडल्या, एक दिवस वर्गात त्यांना शिकवताही आलं नाही. "मला उशीर झाला," एवढंच म्हणाल्या. पुढच्या वर्षीपासून त्यांनी पाचवीपासूनच्या मुलींच्या आयांना बोलवायला सुरुवात केली.

बाई निवृत्त झाल्या, आणि मागच्या वर्षी उधन्याला त्यांच्या घरीच वारल्या. आवाज शेवटपर्यंत तसाच होता म्हणे. पण माझ्या डोळ्यांपुढे त्या येतात त्या आमच्या दहावीच्या निकालाच्या दिवसाच्या.

मी पास झाले होते, सुरेखा तर प्रथम श्रेणीत. शाळेच्या अंगणात नुसता कल्ला होता. बाई प्रत्येकीच्या पाठीत धपाटे घालत फिरत होत्या, तेवढ्यात रघुनाथकाका सायकलवरून आले. हातात पेढ्यांचा पुडा, मागे कॅरियरवर सुरेखाची धाकटी बहीण. ते बाईंसमोर उभे राहिले. त्यांनी पुडा पुढे केला, मग धाकटीला खांद्याला धरून पुढे केलं.

"बाई," ते कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "ही आते सातवीमा गयी. हिले बठ्ठं सांगी द्या. पहिलेच."

बठ्ठं म्हणजे आमच्या बोलीत सगळं. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, धाकटीच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला आणि तिचा हात धरून तिला वर्गात घेऊन गेल्या.