आईने घेतलेली पफची परीक्षा

मी इथे फारसं लिहीत नाही. बाबा गेल्यापासून तर नाहीच. पण आजचं सांगावंसं वाटतंय.

आमचं घर घणसोलीत, शेवटच्या मजल्यावर. स्लॅब इतका तापतो की आई गावी जायचं म्हणत होती. तिने जाऊ नये म्हणून छताला आतून उष्णता अडवणारं काहीतरी लावायचं मी ठरवलं. आज दुपारी कारागीर सदाभाऊ ग्लासवूल म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, थर्माकोल आणि पफ म्हणजे कडक फोम, असे तीन नमुने घेऊन आले.

"बोलून काय कळणार?" आई म्हणाली. तिने तीन डब्यांत बर्फ भरला आणि एकेक डबा एकेका नमुन्यात गुंडाळायला घेतला.

"मावशी, ग्लासवूलला हात नका लावू, खाज सुटेल!"

"जन्मभर सुरण चिरलाय मी. तुम्ही दोरी धरा!"

डबे गच्चीवर उन्हात ठेवले. चहा झाल्यावर उघडले, तर पफमध्येच सगळ्यात जास्त बर्फ शिल्लक. आई हात खाजवत खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी.

मग म्हणाली, "हेच लाव. आधी ह्यांच्या खोलीला. आता मी तिथेच झोपणार."

बाबा गेल्यापासून तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. मी लगेच सदाभाऊंना त्या खोलीचं माप घ्यायला सांगितलं.

तुमच्या घरी कोणाचं मन असं अचानक वळलंय का?