टारफुल्याच्या बाई

जे तण दिसताच शेतकरी शिव्या घालतो, ते आमच्या बाई कुंडीत वाढवत. बारामतीच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या व्हरांड्यात ज्वारीच्या कुंड्या असत आणि त्या ज्वारीच्या मुळांवर पोसलेला टारफुला. एकदा शिपायानं चांगल्या मनानं तो उपटला. बाई म्हणाल्या, "पुन्हा हात लावलास तर तुझ्या गाडीतली हवा काढीन." तेव्हापासून त्या टारफुल्याच्या बाई. त्या वारल्या त्याला वर्ष होत आलं, तरी मला त्यांचं खरं नाव चटकन आठवत नाही.

बाई इंदापूरच्या पलीकडच्या, बावड्याकडच्या. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली. वर्गात त्या शुद्ध बोलत. कुणी अडवलं की गावची बोली बाहेर येई. त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न होता. टारफुल्याचं बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं, मग वर ज्वारी आल्याचं त्याला कळतं कसं? ज्वारीचं मूळ एक संप्रेरक मातीत सोडतं, उपयोगी बुरशीला बोलावण्यासाठी. टारफुला ते ओळखतो आणि रुजतो, इथपर्यंत जगाला ठाऊक होतं. पण ओळखतो कशानं?

"जनुकांचीही भावकी असते," बाई आम्हाला सांगत. "मातीतली खूण ओळखणारं हे जनुक साध्या झाडांत एखाददुसरंच. जळल्या रानाचा धूर ओळखून बी रुजवायचं, असली त्याची कामं. टारफुल्यात त्याच्या नकला होत गेल्या. थोरल्यानं घरचं काम सांभाळलं, म्हणून धाकटे मोकळे झाले. बदलत बदलत त्यातले काही ज्वारीचं संप्रेरक ओळखायला लागले."

पीएचडीसाठी त्यांनी असाच एक धाकटा निवडला आणि मोहरीच्या कुळातल्या एका इवल्या रोपात घातला. त्या रोपाचं बी ज्वारीची मुळं भिजवलेलं पाणी मिळताच रुजलं. मार्गदर्शक सरांनी मात्र हे जनुक निकामी असल्याचं आधीच छापलं होतं.

"तुमच्या काचेच्या बशीत काहीतरी मिसळलंय," सर म्हणाले. "एवढं प्रकरण वगळा, उद्या सही करतो."

बाईंनी प्रयोग पुन्हा केला. बी पुन्हा रुजलं. सही मिळाली नाही.

वडिलांनाही कळेना. "बाय, एक प्रकरण गाळल्यानं काय बिघडतंय?"

"आबा, दिसलेलं खोडलं, तर उद्या जे दिसंल त्याच्यावर माझाच इस्वास बसायचा न्हाय."

त्यांनी ते सर सोडले आणि दुसऱ्या विद्यापीठात पहिल्यापासून नोंदणी केली. मागून आलेले पुढं गेले. विभागप्रमुखाची खुर्चीही त्यांच्यापेक्षा नव्या माणसाला मिळाली. शिकून मी तिथंच त्यांच्या हाताखाली मदतनीस झाले होते. त्या दिवशी प्रयोगशाळेत गेले, तर बाई बेसिनवर वाकलेल्या आणि नळ नुसताच वाहतोय. मला पाहून त्यांनी तोंडावर पाणी मारलं. "काय बघतीस? बशा धू."

पदवी मिळाली, उशिरा. पुढं परदेशातल्या एका प्रयोगशाळेत तोच प्रयोग झाला आणि निकालही तोच आला. मग जुन्या सरांचा फोन आला. बाईंच्या नव्या निबंधात त्यांना आपलंही नाव हवं होतं. बाईंनी स्पीकर लावला, सगळं ऐकून घेतलं, "न्हाय" म्हणाल्या आणि फोन ठेवून माझ्या हातातला चहा घेतला.

निवृत्तीच्या समारंभात प्राचार्य शाल घेऊन पुढं आले, तसे बाईंनी हात मागं घेतले. "शाल नको. निकालात काढलेला आमचा फ्रीज द्या. बी ठेवायला लागंल."

सभागृहात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत.

"मॅडम, आता आराम करा," प्राचार्य म्हणाले.

"आराम? टारफुला अजून रानात हाय."

गावच्या रानात त्यांना नवा डाव टाकायचा होता. पेरणीआधी, मोकळ्या जमिनीतच त्या संप्रेरकासारखं औषध सोडायचं. टारफुला फसून रुजेल आणि ज्वारी न मिळाल्यानं उपाशी मरेल. लोकांनी वेड्यात काढलं, तरी भावाकडून जमिनीचा एक तुकडा त्यांनी भांडून मागून घेतला होता.

टेम्पो फाटकाशी आला. दोरीनं बांधूनही फ्रीज डुलत होता. माझे डोळे भरून आले. बाई ड्रायव्हरशेजारून ओरडल्या, "रडायचंच आसंल तर मागं चढून रड. फ्रीज धराया कुणीतरी पायजे."

मी ओढणी कमरेला बांधली आणि चढले. इंदापूर येईपर्यंत डोळे पुसायलासुद्धा हात मोकळा झाला नाही.