झिजत गेलेलं कंगन

सात वर्षांच्या माझ्या लेकीची दाढ काढावी लागली, त्या दिवसापासून माझा कोणावरही विश्वास उरला नाही. आणखी दोन दाढा किडायला लागल्या आहेत, साखर आवरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आवरा म्हणे! शेजारीण चॉकलेट हातावर ठेवते, शाळेत रोज कोणाचा तरी वाढदिवस, मेहरूण तलावावर फिरायला जावं तर तिथे रंगीत सरबताची गाडी उभी. अख्खं जळगाव माझ्या पोरीच्या दातांवर टपून बसलंय, असं मला वाटायचं.

मी साखर, गूळ, बिस्किटं सगळं कपाटात घालून कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. चहाही सगळ्यांना बिनसाखरेचा. नवऱ्याने थोडी कुरकुर केली आणि मग गप्प झाला, म्हणजे ऑफिसखालच्या टपरीवर सोय लावली असणार. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. सासूबाई गेल्यापासून ते धुळ्याकडचं गाव सोडून आमच्याकडे असतात, दुपारी नातीला सांभाळतात, आपला चहा आपणच करून घेतात. त्यांना मधुमेह वगैरे काही नाही, तरी ते 'बरं, माय' एवढंच म्हणाले.

संध्याकाळी ऑफिसातून आले की मी पर्स ठेवायच्या आधी लेकीला म्हणायची, "आ कर." आणि तिचं तोंड हुंगायची. "दारुडा पकडतेयस का?" असं नवरा चिडवायचा. वास आला तर काहीतरी खाल्लंय, आणि नाही आला तर चूळ भरून आलीय, असा माझा हिशेब. त्या हिशेबातून कोणीच सुटत नव्हतं.

होळीला माझ्या माहेरहून, धुळ्याहून हार-कंगन आलं. आमच्याकडे होळीला लेकराच्या गळ्यात साखरेच्या पदकांचा हार आणि हातात साखरेचं कंगन घालतात. परत कसं पाठवणार? लेकीला घातलं, फोटो काढले आणि दोन्ही देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवलं. पाडवा झाला की वाटून टाकू, तोवर कोणी हात लावायचा नाही, असं सांगून ठेवलं.

थोड्याच दिवसांत मला कंगनावरची नक्षी पुसट दिसली. मग एका बाजूने ते बारीक झालं. तुटलेलं नव्हतं, गुळगुळीत झिजलेलं होतं, आणि कडेला फिकट तपकिरी डाग होता. चाटते आहे, मी म्हटलं. चॉकलेटच्या तोंडाने चाटते आहे!

"मी नाही खाल्लं," लेक म्हणाली.

"मग कोणी, देवाने खाल्लं?"

पलंगावर बसलेल्या आबांनी पेपर आणखी वर धरला. मला वाटलं, हेच लाडाने काढून देत असणार, आणि दोघं मिळून मला फसवताहेत. दाढेचं दुःख एकीकडे, पण माझी पोर माझ्या तोंडावर खोटं बोलते, याने माझं काळीज पोखरलं. "खोटारडी आहेस तू," मी म्हणाले. ती आवाज न करता रडली.

त्यानंतर एकदा ऑफिसातली वीज गेली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. मी इमारतीच्या फाटकातून आत शिरले, तर वर गॅलरीत लेक उभी. मला बघताच ती आत पळाली. "आबा, आई आली!" जिन्यापर्यंत ऐकू आलं. आता सापडली, असं म्हणत मी धावतच जिना चढले.

स्वयंपाकघरात आबा चहाचा कप घेऊन उभे होते. दुसऱ्या हातात कंगन, त्याची कड चहाने ओली. लेक फडकं घेऊन ते पुसायला पुढे झाली होती. पुसून पुन्हा खिळ्याला टांगायचं, हे त्यांचं रोजचंच दिसत होतं.

"फिका चहा माले उतरत नही, माय," आबा खाली मान घालून म्हणाले. "साखर बठ्ठी तू कपाटमा कोंडी दिनी. किल्ली मांगाले लाज वाटनी."

मी पर्समधून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि साखरेचा डबा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उघडलाच नाही. कप तसाच ठेवून ते बाहेर जाऊन बसले.

मी लेकीला जवळ ओढलं. "मी तुला खोटारडी म्हणाले गं. तेव्हा का नाही सांगितलंस?"

"आबा सांगणार होते. मीच नको म्हटलं."

"का?"

तिने हातातल्या फडक्याची नीट घडी घातली.

"तू त्यांनाही आ करायला लावलं असतंस."