माझी गुणपत्रिका, साऱ्या गावाची मालमत्ता

गेल्या उन्हाळ्यात मी वारले. मला हे गवार मोडताना कळलं.

करमाडच्या मावससासूबाई रडत दारात आल्या. मी दार उघडलं, तशा त्या किंचाळल्या. (मेलेल्या बाईनं दार उघडल्यावर दुसरं काय करणार!)

"अगं, तू गेलीस ना?"

"कुठं?"

"मला काय ठाव! बाळूनं मोबाईलवर टाकलंय, वहिनी गेल्या म्हून!"

बाळू म्हणजे माझे धाकटे दीर. लग्नात अर्धवट सुटलेली बी. ए. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी बाहेरून पुरी करत होते. लेक मुक्ता सोडली, तर घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. पोळ्या लाटता लाटता वर्षभर पाठांतर केलं होतं हो! भाऊजी स्वतःच्या कामाला विद्यापीठात गेले. तिथल्या कारकुनानं आडनाव ऐकलं आणि माझी गुणपत्रिका सरळ त्यांच्या हातात दिली! भाऊजींनी घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'वहिनी गेल्या.' मग रेंज गेली. 'अर्थशास्त्रात' हा पुढचा शब्द ते गुलमंडीच्या बाजारात पोचल्यावर आला. तोवर घरी दोन हार येऊन पडले होते!

मी जिवंत आहे हे पटायला लोकांना वेळ लागला. मी नापास आहे हे लगेच पटलं.

"या वयात कशाला नसते उद्योग?" मावससासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. (दोन मिनिटांपूर्वी त्याच डोळ्यांनी मला देवमाणूस ठरवलं होतं.)

माझं डोकं फिरलं. मुक्ताला सोबत घेतलं आणि तडक विद्यापीठ गाठलं.

"माझी गुणपत्रिका दिलीच कशी तुम्ही?" मी खिडकीवर हात आपटला.

कारकून चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, "घरच्याच माणसाला दिली ना, मॅडम? परक्याला थोडीच दिली?"

"मार्क माझे! सही माझी लागते! आणखी कुणाकुणाला दाखवलीत? नावं सांगा!"

"तसं नाय सांगता येत. गोपनीय असतं ते."

बिस्कीट चहात पडलं. मी असा आवाज चढवला, की शेजारच्या खिडकीची रांग आमच्या खिडकीला आली. कागद मागवून तिथंच तक्रार लिहिली: विद्यार्थ्याच्या परवानगीशिवाय त्याचे मार्क पाहणं हा त्याचा घोर अपमान आहे! रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

कारकुनानं कागद वाचला, मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "व्हय, मॅडम, मागल्या साली या पोरीचे मार्क बघाया तुम्हीच आल्ता ना? 'तिला कळू देऊ नका, घरचीच हाय मी,' असं म्हनलाव्हता."

टाळ्या थांबल्या. मुक्तानं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या सुट्ट्यांच्या यादीकडं पाहिलं. लेकीनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्याच तक्रारीखाली लिहिलं: 'वरील मजकूर शब्दशः मान्य. आरोपींत अर्जदाराचंही नाव घालावं.'

त्या अर्जावर विद्यापीठानं अजून काही केलेलं नाही. मुक्तानं मात्र त्याच दिवशी निकाल लावला. वर्षभरात मी दुसऱ्यांदा नापास झाले, आणि या विषयाला फेरपरीक्षाही नाही!