सुप्रभाने पाहिलेलं स्वर्गमंदिर

नॉटिंगहॅमला येऊन बरीच वर्षं झाली, तरी सुप्रभा नाडकर्णीला अंधारात दिसत नाही हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सिनेमा सुटल्यावर ती नवऱ्याचा दंड घट्ट धरायची आणि डॉक्टर शशिधर नाडकर्णींना ते आपलं गोड वाटायचं. पण ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास ती भर दुपारी दाराच्या चौकटींना धडकू लागली. तेव्हा शशिधरनी तिला आपल्याच हॉस्पिटलमधल्या डोळ्यांच्या कन्सल्टंटकडे नेलं. डोळ्यातला पडदा कडेकडून निकामी होत चालला होता. त्यावर औषध नव्हतं. नजर हळूहळू आकसत जाणार, एवढंच त्या कन्सल्टंटला सांगता आलं.

शशिधर भूल देणारे डॉक्टर. समोरचा माणूस शुद्धीवर येईपर्यंत त्याच्या उशाशी बसायचं, हा त्यांचा पेशा आणि स्वभावही. बायकोच्या बाबतीत काही करता येत नाही म्हटल्यावर त्यांनी तिचे डोळे व्हायचं ठरवलं. “पायरी आली. डावीकडे कुंडी आहे. समोरून मिसेस हॉवर्ड येतायत, हिरवा कोट घातलाय.” सकाळी उठल्यापासून त्यांचं हे धावतं वर्णन सुरू व्हायचं. सुप्रभा ऐकून घ्यायची.

ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. मायक्रोस्कोपचं काम, ते सुटलं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत बायका तिचा हात हातात घेऊन हळहळायच्या. सुप्रभाला त्याचा कंटाळा आला. लंडनमध्ये अंध माणसांना फिजिओथेरपी शिकवणारी एक शाळा आहे असं तिला कळलं आणि तिने परस्पर अर्ज करून टाकला.

“लंडनला? एकटी? ट्यूबमध्ये चढणार कशी तू?” शशिधर म्हणाले.

“जशी बाकीची माणसं चढतात तशी. हातांना काही झालेलं नाही माझ्या.”

चाळिशी ओलांडल्यावर ती ब्रेल शिकली. हाडांचा सापळा मांडीवर घेऊन एकेक हाड बोटांनी ओळखायला शिकली. शुक्रवारी संध्याकाळी शशिधर नॉटिंगहॅमच्या स्टेशनवर गाडी येण्याच्या कितीतरी आधी जाऊन उभे राहायचे आणि ती काठी टेकत, कुणाशी तरी गप्पा मारत डब्यातून उतरायची. ती पास झाली. तिला शहरातल्याच एका हॉस्पिटलात काम मिळालं. पुढे तर आखडलेल्या खांद्याचे पेशंट, मिसेस नाडकर्णींचीच अपॉइंटमेंट हवी म्हणून दोन आठवडे थांबायला तयार असायचे. तोवर तिला उजेड आणि सावली यापलीकडे काही उरलं नव्हतं.

चीनला जायचं तिनेच काढलं, त्र्याण्णव साली. टॉकिंग बुकच्या कॅसेटवर तिने बीजिंगमधल्या स्वर्गमंदिराबद्दल ऐकलं होतं. सम्राट दरवर्षी तिथे चांगल्या पिकासाठी आकाशाला साकडं घालायचे. त्या आवारात एक गोल भिंत आहे, तिच्या कडेशी बोललेलं पार पलीकडे ऐकू येतं.

“तिथे डोळ्यांचं काम नाही,” ती म्हणाली. “आपण जाऊ या.”

ग्लासगोला नोकरी करणाऱ्या मुलाने, अतुलने फोनवर बाबांना तेवढं बजावलं. “बाबा, आईला सगळं सांगत बसू नका ना. तिला विचारू दे.”

“बरं,” शशिधर म्हणाले. पण सवय कुठे जाते? विमानातल्या जेवणाच्या ट्रेपासून त्यांनी सुरुवात केली.

बीजिंगमध्ये ऑक्टोबरची कोरडी, स्वच्छ सकाळ होती. त्यांची वाटाडी मिस लिन, चोविशी-पंचविशीतली, शाळेत शिकलेलं इंग्रजी जपून बोलणारी मुलगी. गर्दी व्हायच्या आत तिने त्यांना दक्षिणेच्या दाराने आत नेलं. जुन्या सुरूच्या झाडांखाली म्हातारी माणसं संथपणे हात हलवत व्यायाम करत होती. समोर उघड्या आकाशाखाली पांढऱ्या संगमरवराची, एकावर एक तीन थरांची गोल वेदी होती. मधोमध जिथे सम्राट उभे राहायचे, त्या दगडावर मिस लिनने सुप्रभाला उभं केलं.

सुप्रभाने सहज “ओ” असा आवाज काढला. मग मान किंचित कलती करून ती पुन्हा म्हणाली, “ओ.” चहूबाजूंच्या कठड्यांवरून आवाज परत येऊन तिच्याभोवती भरत होता.

“केवढी जागा आहे, मला कळतंय,” ती म्हणाली. शशिधर सांगणार होते, पण ती ऐकत होती म्हणून गप्प राहिले.

उतरताना मात्र त्यांना राहवलं नाही. ते पुढे, ती मागे. “पायऱ्या उंच आहेत हं. कठडा उजव्या हाताला. आता—” असं मागे वळून सांगता सांगता त्यांचाच पाय चुकला आणि ते धपकन खालच्या थरावर बसले.

मिस लिन घाबरून गेली. सुप्रभा काठीने पायऱ्या चाचपत खाली आली, त्यांच्याशेजारी दगडावर बसली आणि त्यांच्या बुटाची नाडी सोडली. तिची बोटं घोट्याभोवती फिरली.

“इथे दुखतंय? आणि इथे दाबल्यावर? बोटं हलवा बघू.”

शशिधरनी निमूटपणे बोटं हलवली. इतकी वर्षं हॉस्पिटलात काढून तिला काम करताना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा वर आकाशाकडे होता आणि सगळं लक्ष बोटांत. घरात चहाचा कप चाचपणारी बाई ही नव्हेच, असं त्यांना वाटलं.

“हाड शाबूत आहे,” ती म्हणाली. “लिगामेंट ताणलंय. स्कार्फ द्या माझा.”

तिने घोटा आवळून बांधला. व्यायाम करणारे एक आजोबा काही न विचारता पुढे आले आणि त्यांनी शशिधरना आधार दिला. दुसऱ्या बाजूला सुप्रभा.

“आपण हॉटेलवर जाऊ,” शशिधर म्हणाले.

“मुळीच नाही. भिंत जवळच आहे म्हणते ही. तुम्ही तिथे बसा, मी पलीकडे जाते.”

त्या गोल अंगणात मधोमध निळ्या कौलांचं देऊळ होतं. त्याच्याआड गेल्यावर मिस लिन आणि सुप्रभा दिसेनाशा झाल्या. शशिधर भिंतीला कान लावून दगडावर बसले. ती ठेचकाळली तर, तिला गर्दीचा धक्का लागला तर, असले विचार त्यांच्या मनात येत होते. आधी कुणातरी पोराची आरोळी आली. मग अगदी कानाशी, शेजारी बसून बोलावं तसा, तिचा आवाज आला.

“अहो, पाय खाली सोडून बसला असाल. वर ठेवा.”

त्यांनी पाय वर घेतला. “ठेवला,” ते भिंतीला म्हणाले. मग थोडं थांबून, “मजेत आहेस ना?”

“खूप,” भिंत म्हणाली.

आवाराच्या उत्तर टोकाला आणखी एक मोठं देऊळ होतं, पण तिथपर्यंत चालणं शशिधरना शक्य नव्हतं. ते आजोबांबरोबर झाडाखाली बसून राहिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी आजोबांनी आपल्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्यांना दिला. सुप्रभा परत आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते आणि पंजे धुळीने माखले होते.

“सांगू का तुम्हाला?” ती बसता बसता म्हणाली. “तीन ओटे आहेत. खालच्या कठड्यावर ढग कोरलेत, मधल्यावर फिनिक्स पक्षी, वरच्यावर ड्रॅगन. ड्रॅगनच्या अंगावरचं एकेक खवलं हाताला लागतं. देवळाच्या दाराशी उभं राहिलं की आतून गारवा येतो आणि जुन्या लाकडाचा वास. एवढं उंच देऊळ आणि त्यात एक खिळा नाही म्हणे. लाकडात लाकूड अडकवून उभं आहे.”

शशिधर डोळे मिटून ऐकत होते. रंग कुठले होते हे तिला सांगता आलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

नॉटिंगहॅमला परतल्यावर घोटा बरा व्हायला महिना लागला. त्या महिन्यात सुप्रभा रोज संध्याकाळी त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायची आणि टाळाटाळ केली की रागवायची. त्यांच्या तोंडाचा पट्टा एकदम काही थांबला नाही. पण “पायरी” एवढं तोंडातून निघालं की ते जीभ आवरायचे आणि ती हसायची.

पुढच्या वसंतात अतुलला मुलगी झाली. सुप्रभा ग्लासगोला एकटी गेली. शशिधरनी तिला गाडीत बसवून दिलं, फलाटावरून हात हलवला. तिला दिसणार नाही हे मागाहून त्यांच्या ध्यानात आलं. पण तोवर ती शेजारच्या बाईला विचारत होती, तुमचा खांदा दुखतो का, बॅग वर ठेवताना कण्हलात म्हणून.