शिंप्याचा क्रोटन

शोभेची झाडं ऑफिसांना भाड्याने देणारी ती बाई. आम्ही सगळे तिला पानवाली मावशी म्हणत असू. "फूल म्हणजे चार दिवसांचा पाहुणा, पान घरचं माणूस," असं ती म्हणायची. तिची खरी कारागिरी झाडाला अंधाराची सवय लावण्यात होती. उन्हातलं झाड थेट आतल्या खोलीत नेलं की आठवड्यात पानं गाळतं. म्हणून ती आधी एका हिरव्या जाळीखाली, मग दोन जाळ्यांखाली असं दोन-अडीच महिने ठेवायची. कमी उजेडात फुटलेलं पान रुंद, पातळ येतं आणि आत टिकतं.

एकदा एका म्हाताऱ्या शिंप्याने तिला बोलावलं. त्याची मुलगी तीन वर्षांपूर्वी तापाने गेली होती. तेव्हापासून तिच्या खोलीचे जाड पडदे बंदच होते. आत कुंडीत तिचा क्रोटन होता, रंगीत पानांचा. एके काळी लालभडक, आता नुसता हिरवा. मोजून सात पानं.

"रंग ती घेऊन गेली," शिंपी म्हणाला. "पण येते अधूनमधून. कुंडी मी खिडकीकडे फिरवून ठेवतो. काही दिवसांत पानं पुन्हा दाराकडे. माझ्याकडे."

मावशीच्या अंगावर काटा आला. मग तिचं लक्ष पॅसेजमधल्या दिव्याकडे गेलं. तो दिवसरात्र चालू असायचा आणि दार उघडं. खोलीत उजेड काय तो तेवढाच.

"मास्तर, पान उजेडाकडे वळतं," ती म्हणाली. "रंगही उजेडाविना गेलाय. पडदा आठवड्याला चार बोटं सरकवा, परत येईल."

"म्हणजे ती नाही?"

बोलले नसते तर बरं, असं मावशीला वाटलं.

दुसऱ्याच दिवशी शिंप्याने कुंडी उचलून गच्चीवर भर उन्हात ठेवली. संध्याकाळपर्यंत पानं कागदासारखी पांढरी पडली. शेजारणीने निरोप धाडला तेव्हा तो कुंडीपाशी बसून होता, दोन दिवस उपाशी. "तीन वर्षं कोंडलं, आणि काढलं ते जाळायला," एवढंच म्हणत होता.

मावशीने नखाने खोड खरवडलं. आत हिरवं होतं. तिने त्याचं बोट धरून त्यावर टेकवलं.

"जीव आहे. जेवा आधी."

कुंडी तिने परत खोलीत नेली. मग दर सोमवारी ती यायची, पडदा चार बोटं सरकवायची. दीड महिन्याने कोंब आला. पानं आधी हिरवी, मग पिवळ्या शिरांची, वर्षाने लाल. पडदे पूर्ण उघडले होते. शिंप्याने आपलं मशीनही त्याच खोलीत आणलं.

एका सोमवारी त्याने मशीन थांबवलं.

"आता ती येत नाही, मावशी. खोलीत ऊन असतं, झाड असतं. ती नसते. हे चांगलंच झालं ना?"

"मी पाणी घातलं आणि निघाले," मावशी मला सांगत होती. " जिना उतरेपर्यंत मशीनचा आवाज आला नाही."