पेरभर अंतर

आधी हातातला चहा संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे ऐकताना एकाला ठसका लागला होता.

भिवंडीच्या नारपोलीत ज्यांच्या कापडाच्या लूमवर माझं आयुष्य गेलं, त्या युनूसभाईंची रुखसाना कॅनडात पार उत्तरेला असते. माझा महेशही तिकडेच, दुसऱ्या एका गावात स्वयंपाकी आहे. दोन्ही गावांची नावं मला अजून घेता येत नाहीत. रुखसाना बाळंत झाली आणि तिच्या आईचा, झुबेदाभाभींचा जीव डिंकाच्या लाडवांत अडकला. पोरीला तिथे कोण करून घालणार? महेश तेव्हा सुट्टीवर आलेला, परत निघायच्या बेतात. आपल्याकडे कुणी त्या बाजूला निघालं की डबा त्याच्या हाती द्यायचा, ही रीतच आहे.

मी युनूसभाईंच्या फोनवर त्यांच्यादेखत नकाशा बघितला, बोट ठेवून मोजलं. दोन गावांमध्ये माझ्या बोटाचं एक पेर. आदल्याच दिवशी याच फोनवर मी भिवंडी ते पडघा मोजलं होतं, रिक्षाने जाऊन यायचं अंतर. तेही एक पेर! नकाशा दोन बोटांनी चिमटला की अख्खा मुलूख आक्रसतो, हे मला कुणी सांगितलं होतं?

"भाभी, काळजी सोडा," मी म्हणालो. "ड्युटी सुटली की महेश देऊन येईल. पडघ्याएवढं तर आहे."

भाभींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मला चेव चढला. लहान डबा कशाला, मोठा पत्र्याचा भरा म्हटलं. दुपटी द्या, झबली द्या, सुंठ द्या. पाळण्याचंही मी विचारून बघितलं.

घरी महेशने ते सामान पाहिलं आणि खालीच बसला. मध्ये रस्ताच नाही म्हणाला, नुसता बर्फ. विमानानेच जायचं, तेही थेट नाही. आधी खाली मोठ्या शहरात यायचं, मग पुन्हा वर. मी विचारलं, मध्ये एखादी रिक्षा नसेल का?

त्याने आपल्या फोनवर ती दोन गावं माझ्या पेरात बसतील एवढा नकाशा केला, माझं बोट धरलं, नकाशा लहानमोठा न करता आपल्या देशावर सरकवला आणि पेराचं एक टोक भिवंडीवर ठेवलं. दुसरं दिल्लीला टेकलं.

"बाबा, ड्युटी सुटल्यावर दिल्लीला डबा देऊन येऊ?"

मी बोट मागे घेतलं. युनूसभाईंना खरं सांगायची छाती काही होईना. पण पोराने माझा शब्द खाली पडू दिला नाही. त्या मोठ्या शहराच्या विमानतळावर तो रांगेरांगेतून विचारत फिरला, त्या बाजूला कुणी जातंय का? रुखसानाच्या गावची एक नर्स भेटली. लाडू तिच्यासोबत उडाले आणि माझा पोरगा बर्फामुळे तिथेच अडकला.

रुखसानाचा फोन आला तेव्हा मी युनूसभाईंच्याच घरी बसलेलो. स्पीकर चालू.

"अब्बा, लाडू मिळाले. पण महेशभाईचं गाव इथून दिल्लीएवढं लांब आहे हो. त्याच्या गळ्यात हे घातलं कुणी?"

भाभी माझ्याकडे बघायला लागल्या. युनूसभाईंनी शांतपणे माझा हात हातात घेतला, बोट उलटसुलट करून पाहिलं.

"दादा, हे बोट जपून वापरा. याच्यात दिल्ली मावते."

तेव्हापासून मी पडघ्याला निघालो की भाभी दारातूनच विचारतात, अंथरूण-पांघरूण घेतलंत ना?